मोरवेळ खाडीची हरकत

जुईली तांडेलला तो जीव पहिल्यांदा दिसला तेव्हा तिला वाटलं, काच नीट पुसलेली नाही. तिने काच पुन्हा धुतली, खाडीच्या पाण्याचा नवा थेंब घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जीव होताच. गोल, चिलखत घातल्यासारखा, चाबकासारख्या शेपटीने स्वतःभोवती गिरक्या घेत चाललेला. अख्ख्या थेंबात असा एकच होता, पण तो या किनाऱ्यावरचा नव्हता. गेली काही वर्षं समुद्र तापत चालला होता आणि दक्षिणेकडचे कितीतरी जीव वर सरकत होते. त्यातलाच हा एक.

सिंधुदुर्गातल्या मोरवेळ खाडीच्या काठी दोन खोल्यांचं एक निरीक्षण केंद्र होतं आणि जुईली तिथली एकमेव शास्त्रज्ञ होती. मासेमारी करणाऱ्या गाबितांच्या घरातली, याच खाडीत पोहायला शिकलेली. पाणी तपासायचं आणि आकडे वर पाठवायचे, एवढंच तिचं काम. त्या दिवशी मात्र ती पाण्यावर थांबली नाही. ओहोटीला काठावर जाऊन तिने ओंजळभर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, उकरून आणल्या, त्यांचा गर वाटला आणि विष ओळखणारी पट्टी त्यात बुडवली. विष निघालं, तेही भरपूर.

हे कसं होतं ते तिला ठाऊक होतं. तिसऱ्या आणि कालवं दिवसभर पाणी आत ओढतात, गाळतात आणि बाहेर सोडतात. पाण्यात विषारी जीव अगदी थोडे असले तरी त्यांचं विष शिंपल्यातल्या गरात साठत जातं. शिंपल्याला त्याचा काही त्रास नसतो. माणसाच्या पोटात गेलं की आधी ओठांना मुंग्या येतात, मग जीभ जड होते, आणि जास्त गेलं असेल तर श्वास घेणारे स्नायूच थांबतात. हे विष शिजवून जात नाही, चवीतही कळत नाही.

आणि सगळा किनारा मात्र एका वाक्यावर चालत होता. ‘पाण्याचा रंग बदललेला नसेल आणि मासे मरून काठाला लागलेले नसतील, तर तिसऱ्या व कालवं खाण्यास सुरक्षित समजावीत.’ हे वाक्य डॉ. सदानंद टिपणीस यांचं होतं. तीस वर्षांच्या मेहनतीतून लिहिलेलं आणि आजवर खरं ठरलेलं. जुने विषारी जीव वाढले की पाणी लाल व्हायचं. हा नवा जीव पाणी लाल करीतच नव्हता.

टिपणीस सर जुईलीचे गुरू. त्यांचं वाक्य खोडायचं म्हणजे काय, हे समजायला ‘पारख’ समजून घ्यावी लागते.

पूर्वी माणसं इंटरनेटवर काही शोधायची तेव्हा यंत्र साधा हिशेब करायचं. ज्या पानाकडे जास्त पानांनी बोट दाखवलंय ते पान महत्त्वाचं, आणि बोट दाखवणारं पान स्वतः वजनदार असेल तर त्याच्या बोटाला जास्त किंमत. या बोट दाखवण्यालाच दुवा म्हणायचे. लवकरच लोकांनी खोट्या पानांची शेतं उभी केली आणि ती एकमेकांकडे बोटं दाखवू लागली. मग यंत्रं बनवणाऱ्यांनी माणसं बसवून थोडी पानं नीट तपासली, त्यांना ‘मुळं’ ठरवलं, आणि विश्वास तिथून खाली वाहू दिला. मुळाने ज्याला दुवा दिला त्याला थोडा विश्वास, त्याने पुढे दिला त्याला आणखी थोडा. चांगलं पान सहसा वाईट पानाकडे बोट दाखवत नाही, हा त्यामागचा तर्क.

पुढे यंत्रंच लिहू लागली. पानांचा असा पूर आला की माणसाने लिहिलेलं कुठलं हेच कळेनासं झालं. तेव्हा पारख आली. पारखेत पानांच्या जागी माणसं होती. दुवा द्यायचा तर जिवंत माणसाने स्वतःची ओळख पटवून द्यायचा, आणि ज्याला दिला त्याचं लिहिणं चुकीचं निघालं तर देणाऱ्याचंही वजन उतरायचं. याने खोटेपणा खरोखरच आटला, लोक निर्धास्त झाले. फोनला विचारलं की एकच उत्तर यायचं आणि ते बहुतेक वेळा बरोबर असायचं. फक्त एक गोष्ट हळूहळू घडत गेली. नव्या माणसाला दुवा द्यायला कुणी धजेना, आणि दिलेला दुवा काढून घ्यायला तर त्याहून नाही. लग्नपत्रिकेतही आता नावाखाली आजोबांच्या ऐवजी लोक आपलं मूळ लिहू लागले होते.

कोकण किनाऱ्यावरच्या समुद्री जिवांच्या बाबतीत टिपणीस सर हे मूळ होते. जुईलीला असलेला एकमेव दुवा त्यांचाच होता, ती त्यांच्याकडे शिकत असताना दिलेला. केंद्रातली नोकरी त्या वजनावरच मिळाली होती आणि दर वर्षी त्या वजनावरच पुढे चालू राहायची.

तिने नव्या जिवाबद्दल पान लिहिलं. फोटो टाकले, पट्टीचे निकाल टाकले. मग स्वतःच फोनला विचारलं, मोरवेळच्या तिसऱ्या खाव्यात का? उत्तर आलं ते सरांचं वाक्य. तिचं पान कुठेच नव्हतं. मुळाच्या विरुद्ध बोलणारं पान पारख आपोआप खाली ढकलायची.

मुळाच्या लिहिण्यावर हरकत घेता येत होती, पण त्यात पेच होता. हरकतीचं वजन म्हणजे हरकत घेणाऱ्याचं वजन. जुईलीचं वजन सरांकडून आलेलं. तिच्या हरकतीने सरांचं वजन कमी झालं की तिचं कमी होणार, तिचं कमी झालं की हरकतीचं कमी होणार. हिशेब स्वतःभोवती फिरत फिरत शून्यावर येऊन थांबायचा. मुळाला आपलं लिहिणं आपण होऊन खोडता यायचं नाही; एखादी हरकत मान्य करता यायची, पण ती त्याच्या झाडाबाहेरच्या, म्हणजे त्याच्या दुव्यावर न उभ्या असलेल्या माणसाची असली तरच. आपल्याच माणसांशी संगनमत होऊ नये म्हणून केलेला नियम होता तो.

दुसऱ्या झाडाचा दुवा मिळतो का पाहायला ती दुसऱ्या मुळांकडे गेली. गोव्यातल्या एका बाईंनी तिचे फोटो लक्षपूर्वक पाहिले, काम चांगलं आहे म्हणाल्या, आणि टिपणिसांच्या विद्यार्थिनीला त्यांच्याविरुद्ध दुवा देणं आपल्याला बरं दिसणार नाही असंही म्हणाल्या. बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही.

हेरंब मयेकरला हे कळलं तसा तो केंद्रावर आला. हेरंब तिच्याबरोबर सरांकडे शिकलेला. नोकरीच्या मागे न लागता त्याने खाडीच्या वरच्या अंगाला तराफे बांधले आणि दोऱ्यांवर कालवं वाढवायला घेतली. आता त्याच्या सोसायटीत तीस घरं होती आणि माल मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत जायचा. हॉटेलवाले हेरंबला ओळखत नव्हते. सरांनी त्याला दिलेला दुवा ओळखत होते.

त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. तुझं खोटं असेल असं मी म्हणत नाही, म्हणाला. पण कुणी आजारी पडलंय का अजून? सरांचं नाव खाली आलं तर त्यांच्याखालचे आम्ही सगळे खाली येऊ. कालवंवाले, होड्यांवरून डॉल्फिन दाखवणारे, मीठवाले. एक हंगाम थांब, आणखी नमुने घे.

जुईलीने त्याला नाही म्हटलं नाही. ती सरांना भेटायला कुडाळला गेली.

सर ऐंशीच्या पुढचे होते. पायऱ्या चढताना थांबावं लागायचं, पण नजर शाबूत होती. तिने नेलेली काच त्यांनी आपल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग पाण्याचं तापमान विचारलं, क्षारता विचारली, नमुना भरतीचा की ओहोटीचा ते विचारलं. सगळी उत्तरं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“तू म्हणतेस ते बरोबर असावं,” ते म्हणाले. “पण असावं आणि आहे यात एक हंगाम जातो. माझ्या त्या एका वाक्यावर चारशेहून जास्त माणसं उभी आहेत, जुईली. ते काढून घ्यायचं तर पायाखाली दुसरं काहीतरी द्यायला हवं.”

तिला त्यात चुकीचं काही दिसलं नाही. उलट बरं वाटलं. सर रागावले नव्हते, पुराव्याला नाही म्हणत नव्हते, आणि तिच्यावरचा निर्णयाचा भार उचलला गेला होता. परतल्यावर तिने एवढंच केलं, की काठावर तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना गाठून सांगितलं, काही दिवस खाऊ नका. त्यात तिची इंदूमावशीही होती. जुईलीची आई लहानपणीच गेली होती आणि या मावशीनेच तिला वाढवलं होतं. बायकांनी मान डोलावली. तिची पाठ वळल्यावर त्यांनी फोनला विचारलं आणि पुन्हा चिखलात हात घातले.

आठवड्याभरात मावशीचा फोन आला. जुईली केंद्रातच होती. मावशीचा आवाज दारू प्यायलेल्या माणसासारखा जड येत होता. जेवणानंतर ओठ बधिर झाले, म्हणत होती, आणि आता बोटं कळत नाहीत.

तालुक्याच्या रुग्णालयात पोचेपर्यंत मावशीला मान सावरता येत नव्हती. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाई न करता बोलणाऱ्या. त्यांनी लक्षणं पारखेला सांगितली, जुईलीने सांगितल्याप्रमाणे तिसऱ्यांचंही सांगितलं. पारखेने तिसऱ्यांचं कारण बाजूला ठेवलं, कारण मोरवेळला पाणी लाल झाल्याची नोंद नव्हती, आणि मेंदूची तपासणी सुचवली. त्यासाठी कोल्हापूरला न्यावं लागणार होतं. जुईलीने त्यांना आपला फोन उघडून पट्ट्यांचे निकाल दाखवले. या विषावर उतारा नाही, म्हणाली. फक्त श्वास चालू ठेवावा लागतो, शरीर आपोआप विष बाहेर टाकतं. वाटेत श्वास थांबला तर संपलं. मावशीला हलवू नका.

डॉक्टरांनी फोनच्या पडद्यावर तिचं नाव पाहिलं, त्यापुढचं नगण्य वजन पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही स्वतः तपासलंत हे?” त्यांनी विचारलं. जुईली हो म्हणाली. त्यांनी मावशीला तिथेच श्वासाच्या यंत्रावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मावशीच्या बोटांत जीव आला. संध्याकाळी नळी काढली. घसा बसलेला होता, तरी तिने जुईलीला जवळ बोलावलं.

“तू सांगलेलंस, पण फोन नाय म्हणा नव्हतो,” ती म्हणाली. “आणि सर तुझेच मा? माका वाटला, तुझ्यापेक्षा त्येंका जास्त कळात.”

जुईली तिच्या उशाशी बसून राहिली. तिला राग आला नाही. मावशीने काही वेगळं केलंच नव्हतं. ती स्वतःही कुडाळहून हेच मनात घेऊन परतली होती, की सरांना जास्त कळतं.

मावशीचा डोळा लागल्यावर ती बाहेर व्हरांड्यात आली आणि पारख उघडली. आपल्या नावाखाली सरांचा दुवा होता. तो नाकारण्याची सोय होती, पण तिच्या ओळखीतल्या कुणी ती कधी वापरली नव्हती. यंत्राने तिला सावध केलं, की असं केल्यास तुमचं वजन राहणार नाही, आणि नाकारल्याचं सर्वांना दिसेल. लोक त्याचा अर्थ काय काढतील हे तिला माहीत होतं. शिष्येने गुरूवर थुंकणं, याहून सौम्य अर्थ त्याला नव्हता. नोकरीचं नूतनीकरणही मार्चमध्ये होतं.

तिने दुवा नाकारला. मग आता कुणाच्याच झाडाची नसलेली, शून्य वजनाची बाई म्हणून तिने सरांच्या वाक्यावर हरकत नोंदवली. पुरावा म्हणून पट्ट्यांचे निकाल जोडले आणि मावशीला विचारून तिचं नाव घातलं.

पुढचे दोन दिवस काही घडलं नाही. हरकतीला उत्तर न देणं हेच बहुतेक मुळं करायची, आणि उत्तर न आलेली हरकत आपोआप विरून जायची. हेरंबने फोन उचलला नाही. जुन्या विद्यार्थ्यांच्या गटातून तिला काढून टाकल्याचं कळलं. एकाने तिला निरोप पाठवला होता, की सरांनी तुला घरी जेवू घातलं होतं हे तरी आठवायचं होतंस. ती सकाळी रुग्णालयात आणि दुपारी काठावर जात राहिली. बायका आता तिसऱ्या काढत नव्हत्या. इंदू यंत्रावर होती हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पलीकडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना तिसऱ्यांच्या टोपल्या विकल्या जातच होत्या.

तिसऱ्या दिवशी सर रुग्णालयात आले. भाड्याच्या गाडीने, एकटे. जुईली उठून उभी राहिली. सरांनी तिला हाताने बसायला सांगितलं आणि स्वतः मावशीच्या पलंगाजवळ खुर्ची ओढली. त्यांनी मावशीला बारीकसारीक विचारलं. तिसऱ्या खाडीच्या कोणत्या अंगाच्या, किती खाल्ल्या, रस्सा की सुकं, किती वेळाने ओठ बधिर झाले. मावशी सांगत गेली. शेवटी त्यांनी विचारलं, “खाण्याआधी तुम्ही फोनला विचारलं होतंत?”

“होय तर,” मावशी म्हणाली. “तुमचाच नाव इला.”

 सर उठून व्हरांड्यात आले, जुईलीही मागोमाग आली.

“सर, मी दुवा नाकारला तो...” तिने सुरुवात केली.

“तो तू नाकारला नसतास तर मला तुझी हरकत स्वीकारता आली नसती,” ते म्हणाले. “नियम मला माहीत होता. दुवा नाकार, असं तुला सांगण्याचं धाडस मला झालं नाही. मी हंगामाची सबब सांगितली. खरं म्हणजे मला ते वाक्य प्रिय होतं.”

त्यांनी खिशातून फोन काढला. चष्मा लावायचा म्हणून तो तिला धरायला सांगितला. पडद्यावर इशारा होता, की ही हरकत मान्य केल्यास आपलं व आपल्याखालील व्यक्तींचं वजन घटेल. सरांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग अंगठा टेकवला.

बदल व्हायला थोडाच वेळ लागला. जुईलीने विचारलं, मोरवेळच्या तिसऱ्या खाव्यात का? पारखेकडे उत्तर नव्हतं. सरांचं वाक्य गेलं होतं आणि त्याची जागा घेईल इतकं वजन किनाऱ्यावर कुणाच्याही लिहिण्याला उरलं नव्हतं. पडद्यावर फक्त आलं, ‘या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर उपलब्ध नाही.’ पारख सुरू झाल्यापासून असं उत्तर दोघांनीही पाहिलं नव्हतं.

त्या वाक्याने काम केलं. पलीकडच्या किनाऱ्यावर एका पर्यटकाने विचारलं, उत्तर नाही म्हटल्यावर टोपली परत केली. मग दुसऱ्याने केली. आठवड्यात खाडीतून तिसऱ्या काढणं थांबलं. आणखी दोन माणसं ओठ बधिर झाल्याची तक्रार घेऊन आली, त्यांनी तिसऱ्या विक्री थांबण्याच्या आधी खाल्ल्या होत्या. दोघंही वाचली, कारण डॉक्टरीणबाईंना आता काय करायचं ते माहीत होतं.

किंमतही पडली. सरांच्या झाडाखालची माणसं खरोखरच खाली आली. हेरंबच्या सोसायटीची हॉटेलं गेली. होडीवाल्यांना फेऱ्या मिळेनात. मार्चमध्ये जुईलीच्या नोकरीचं नूतनीकरण झालं नाही. कुणी तिला तोंडावर काही बोललं नाही, पण बाजारात माणसं तिच्याशी बोलता बोलता आवरतं घेऊ लागली.

मासळीच्या लिलावाची शेड दुपारी रिकामी असायची. काठावरच्या बायकांनी सरपंचांकडे जाऊन तिथला कोपरा तिला मिळवून दिला. ज्यांना फोन उत्तर देत नव्हता त्यांना कुठेतरी विचारायचं होतं. ती टेबल मांडून बसायची, आणलेला माल समोर तपासायची आणि निकाल फळ्यावर लिहायची, कुठली खाडी, कुणाचा माल, कोणता दिवस. गुरुवारी सर कुडाळहून यायचे आणि पाण्यातले जीव मोजायला बसायचे. मावशी दोघांना चहा द्यायची आणि सरांना पहिल्यांदा नुसतं ‘ओ मास्तर’ म्हणाली तेव्हा जुईलीला हसू आलं. सरांनी वर न पाहता कप घेतला.

अशाच एका गुरुवारी हेरंब आला. हातात ओल्या गोणपाटाने झाकलेली बादली होती. इतक्या महिन्यांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्याने सरांना वाकून नमस्कार केला, बादली टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, की रत्नागिरीचा एक हॉटेलवाला माल घ्यायला तयार आहे. त्याला पारखेचं काही नको आहे. या फळ्यावर काय लिहिलंय ते तो विचारतोय.

जुईलीने कालवं फोडली, गर वाटला, पट्टी बुडवली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर माल चांगला, एकच उमटली तर विष. हेरंबला हे माहीत होतं. तो टेबलाच्या कडेला हात टेकून उभा राहिला. पहिली रेघ लगेच आली. तिघेही दुसरीची वाट पाहत राहिले. शेडच्या पत्र्यावर कावळे चालत होते. दुसरी रेघ आली नाही. जुईलीने दुसरी पट्टी घेतली, पुन्हा तेच.

“तुझं नाव न घालता लिहू?” तिने हळूच विचारलं. “नुसतं वरच्या अंगाची कालवं, असं.”

हेरंबने बादलीवर गोणपाट परत ओढलं. “ही पुन्हा पाण्यात सोडली तर?”

“पाणी निवळलं की तीही निवळतील. तेच पाणी गाळून गाळून स्वतःला धुतात. पण किती आठवडे लागतील, सांगता येत नाही.”

“मग दर गुरुवारी आणतो,” तो म्हणाला. बादली उचलून दोन पावलं गेला आणि थांबला. “आणि नाव घाल. पूर्ण घाल. आज नाव घातलं तरच ज्या दिवशी चांगली निघतील त्या दिवशी कुणी मानेल.”

जुईलीने खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, हेरंब मयेकर, कालवं, खाऊ नयेत. खाली तारीख घातली. हेरंबने ते वाचलं, मान हलवली आणि ओहोटी लागायच्या आत तराफ्याकडे जायचं म्हणून बादली घेऊन धक्क्याकडे निघाला.